घरी काटेकोर, तिकडे निवांत

'आता या ट्रिपमधून सावरायला आठवडाभर सुट्टी लागणार!' परदेशातून परत येणाऱ्या विमानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. माझ्या पहिल्या परदेशवारीत ते मीच म्हटलं होतं.

टीवायची परीक्षा संपल्यावर आम्ही चौघी थायलंडला गेलो होतो. सहा दिवसांत बँकॉक, पट्टाया, क्राबी आणि फुकेत. रोज सकाळी सहाचा अलार्म. बॅग उघडा, बॅग भरा, टॅक्सी पकडा, फोटो काढा, पुढे पळा. फोनमध्ये चौदाशे फोटो जमले. शेवटच्या दिवशी मात्र बेटावर जाणाऱ्या बोटीच्या पैशांवरून भांडण झालं. आमच्यातल्या एकीचे पैसे चौथ्या दिवशीच संपत आले होते आणि ती ते कुणालाच सांगत नव्हती. 'मला नाही यायचं' एवढंच म्हणत होती. आम्हाला वाटलं, नखरे करतेय. 'तू सगळ्यांचा मूड घालवतेस', असं मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले. परतीच्या विमानात ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानंतर चार महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

दोन वर्षांनी आम्ही दोघीच व्हिएतनामला गेलो. नऊ दिवस आणि फक्त दोन शहरं. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कामावर हजर झाले, आणि गंमत म्हणजे अजिबात थकलेली नव्हते.

हा फरक देशाचा नव्हता. थायलंड झकासच आहे. पण पहिल्या वेळी आम्ही घरी असताना सगळं 'बघू तिकडे गेल्यावर' म्हणून सोडून दिलं होतं आणि तिथला प्रत्येक तास मात्र बांधून ठेवला होता. दुसऱ्या वेळी नेमकं उलट केलं. कटकटीचं सगळं घरीच उरकलं आणि तिथले दिवस मोकळे ठेवले.

तुमच्यापैकी कुणाच्या ग्रूपवर 'यंदा बाहेर जाऊया यार' सुरू झालं असेल, तर हे तुमच्यासाठी. उदाहरण व्हिएतनामचं देतेय. देश दुसरा असला तरी पद्धत हीच चालेल.

आधी काँट्रीचं बोला

ट्रिप ठरताना ग्रूपवर सगळे 'डन, डन' करत सुटतात. हॉटेलांचे फोटो फिरतात, कपड्यांवर चर्चा होते. पैशांचं कुणी बोलत नाही, कारण लाज वाटते. एखादीचे बाबा कार्ड देऊन मोकळे होणार असतात, तर दुसऱ्या कुणी दोन वर्षं ट्यूशन्स घेऊन पैसे साठवलेले असतात. ग्रूपवर दोघांचंही 'डन' सारखंच दिसतं.

तिकीट काढायच्या आधी एक काम करा. आपण जास्तीत जास्त किती खर्च करू शकतो, तो आकडा प्रत्येकाने ग्रूपमधल्या एकाच विश्वासू माणसाला खासगीत कळवायचा. त्यातला सगळ्यात लहान आकडा हा ट्रिपचा आकडा. कुणाचा आकडा लहान होता, हे बाकीच्यांना कळायची गरजच नाही. त्या पैशांत थायलंड-व्हिएतनाम बसत नसेल तर गोकर्णाला जा. चार जण खूश आणि एक जण मनातल्या मनात हिशेब करतोय, अशी ट्रिप कुणाचीच होत नाही.

मग खर्चाचे दोन भाग करा. राहणं आणि टॅक्सी कॉमन पाकिटातून. खाणं, शॉपिंग, तिकिटं ज्याची त्याने. रोज रात्री पाच मिनिटांत हिशेब अॅपवर टाका, 'नंतर बघू' नको. एकूण पैशांतला साधारण पाचवा भाग बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजा. आजारपण किंवा चुकलेलं विमान यासाठी तो असतो. आणि एक पक्का नियम करा, 'मी नाही येत' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

घाम घरीच गाळा

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज भरा. साध्या अर्जाला ३६ पानांच्या पासपोर्टसाठी १,५०० रुपये लागतात, तत्काळला त्यावर आणखी २,००० रुपये. होस्टेलवर राहत असाल तर पत्ता कुठला द्यायचा ते आधी ठरवा, कारण पोलिस पडताळणी त्या पत्त्यावर होते. पासपोर्ट असेल तर तो उघडून शेवटची तारीख बघा. प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवेत.

व्हिएतनामला जायला आपल्याला व्हिसा लागतो, पण तो ऑनलाइन मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून हा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळू लागला. एकदाच प्रवेश करायचा असेल तर फी २५ डॉलर. इथे खरी मेख म्हणजे सर्चमध्ये सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या भलत्याच साइट्स वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे का, ते बघूनच फॉर्म भरा. सुटायच्या दोन-तीन आठवडे आधी भरलात की जिवाला घोर राहत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं. तिकिटावर आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो, आणि मग तिकिटावर एक, व्हिसावर दुसरंच. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, दोन्हीकडे भरा. तारीखही जपून. रात्री साडेअकराचं विमान असेल तर तुम्ही उतरता दुसऱ्या दिवशी. व्हिसा उतरण्याच्या तारखेचा लागतो. व्हिसाची छापील प्रत सोबत ठेवा.

प्रवास विमा काढा. आठवड्याभराच्या आशियातल्या ट्रिपला तो काही शे रुपयांत मिळतो. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकिटं या सगळ्यांचे फोटो स्वतःला मेल करा आणि एक संच घरी पाठवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, आईने दिलेलं लोणचं चेक-इन बॅगेत. उलटं केलंत तर सिक्युरिटीला दोन्हींचा निरोप घ्यावा लागेल.

आणि हो, विद्यापीठाचं टाइमटेबल हातात आल्याशिवाय रद्द न होणारं तिकीट काढू नका. 'पेपर पुढे ढकलले' ही नोटीस कधी येईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

तुमची सुट्टी, त्यांचा पाऊस

आपण सुट्टी बघून तारीख ठरवतो. तिथलं हवामान काही आपल्या सुट्टीप्रमाणे चालत नाही. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला देश आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा. त्यामुळे एकाच आठवड्यात एका टोकाला मस्त ऊन आणि मध्येच कुठे पूर, असं होतं.

मध्य भागातलं होई आन हे इन्स्टावरचं लाडकं गाव. पण तिथला मोठा पाऊस येतो साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्या गावात नदीचं पाणी शिरतं. म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी. दिवाळीत जायचं तर उत्तरेला जा. हनोईत तेव्हा हवा छान असते. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर होई आनला ऊन मिळेल, दुपारचं कडकही मिळेल. जानेवारी-फेब्रुवारीत 'तेत', म्हणजे त्यांचं नवं वर्ष येतं. आपल्या दिवाळीसारखे सगळे गावी जातात, दुकानं बंद, गाड्या फुल्ल. तारीख बघून ते दिवस टाळा.

दोन गावं पुरे

आता खरा जालीम उपाय. ज्या देशात जाताय तिथल्या बघण्यासारख्या जागांची यादी करा आणि त्यातली दोन गावं ठेवून बाकीची खोडा. जीव तुटतो, माहीत आहे. 'एवढे पैसे खर्च करून चाललोय तर सगळं बघून येऊ', असं घरचेही म्हणतात. पण हिशेब करून बघा. गाव बदलण्याच्या दिवशी बॅग भरणं, चेक-आउट, प्रवास, चेक-इन यात अर्ध्याहून जास्त दिवस जातो. सहा दिवसांत चार गावं म्हणजे तीन वेळा असं. आम्ही थायलंडमध्ये जवळजवळ दोन दिवस नुसते बॅगांसोबत काढले होते.

व्हिएतनामला आम्ही चार रात्री हनोईत आणि चार होई आनला राहिलो. मधलं अंतर विमानाने. तुमच्याकडे वेळ असेल आणि ट्रेनची हौस असेल तर हनोईहून दा नांगला रात्रभराची गाडी आहे, सुमारे १६ तासांची. तिथून होई आन ३० किलोमीटर.

प्रत्येक गावात बाहेरगावची एकच ट्रिप ठेवली. हनोईहून निन्ह बिन्ह, जिथे चुनखडीच्या डोंगरांमधून नावा जातात आणि नावाडी चक्क पायांनी वल्ही मारतात. होई आनहून मी सन. ही चंपा राजवटीतली विटांची शिवमंदिरं. काही मंदिरांचं जतन आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलं आहे, आणि त्या कामातच २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. बाकीचे दिवस? रिकामे. कोरे. त्या कोऱ्या दिवसांचा उपयोग पुढे सांगते.

पहिल्या दिवशी काहीही करू नका

विमानात झोप नीट होत नाही. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे आहे, पण रात्रीच्या विमानाने गेलात की शरीर भंजाळतंच. भांडणं बहुतेक वेळा पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी होतात, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात. पहिला दिवस अंघोळ, झोप, सिमकार्ड, पैसे बदलणं आणि राहत्या जागेभोवती एक फेरी एवढाच ठेवा.

हनोईच्या जुन्या भागात तर फेरी मारणं हाच कार्यक्रम आहे. पुण्यात जशी तांबट आळी, बोहरी आळी, तशा इथे ३६ गल्ल्या प्रसिद्ध आहेत. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग गाय पूर्वी तागाची, आता रेशमाची. फुटपाथवर पाटाएवढ्या उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं मांडलेली असतात. तिथे बसायचं आणि कॉफी मागवायची. अंड्याची कॉफी मिळते, नाक मुरडू नका. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना एका हॉटेलातल्या कर्मचाऱ्याने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, तिथून ती सुरू झाली. अंडं खात नसाल तर कन्डेन्स्ड मिल्कवाली फिल्टर कॉफी घ्या.

एका कॉफीवर तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. आम्ही बसलो.

रस्ता, नोटा आणि जेवण

तीन गोष्टी समजून घेतल्यात की तिथला बराचसा ताण जातो.

पहिली, रस्ता ओलांडणं. हनोईत स्कूटरचा लोंढा थांबत नाही, आणि वाहनं उजव्या बाजूने चालतात. युक्ती अशी की हळूहळू, एकाच वेगाने चालत राहायचं. पळायचं नाही आणि मध्येच थांबायचं तर अजिबात नाही. स्कूटरवाले तुमचा वेग बघून बाजूने निघून जातात. बस आणि कार मात्र वळसा घेत नाहीत, त्यांना जाऊ द्या. स्वतः स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल. तिथे चालेल असा परवाना तुमच्याकडे आहे याची खात्री नसेल तर घेऊ नका. परवाना वैध नसेल तर अपघातानंतर विमाही मिळत नाही. ग्रॅबवर गाडी बोलवा, भाडं आधीच दिसतं आणि घासाघीस वाचते.

दुसरी, पैसे. एका रुपयाला साधारण ३०० डाँग मिळतात. म्हणजे खिशात कायम लाखो. मागची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा. ५० हजारांची कॉफी म्हणजे १७५ रुपये. उत्तर थोडं जास्त येतं, पण बजेटला ते बरंच. २० हजार आणि पाच लाखांच्या दोन्ही नोटा निळ्या असतात, म्हणून अंधारात ७० रुपयांऐवजी सतराशे रुपये देऊन बसू नका. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

तिसरी, जेवण. शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा, 'चाय'. हा चहा नव्हे, याचा अर्थ शाकाहारी. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी जेवते. उच्चारात सूर चुकला तर अर्थ बदलतो, म्हणून फोनवर लिहिलेलं दाखवा. नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही, कारण 'नुओक माम' हा माशांचा सॉस भाजीतही पडतो. पण बौद्ध परंपरेमुळे शहरात 'कोम चाय'ची पाटी लावलेली छोटी खानावळ सापडते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक लोक स्वतःच शाकाहारी जेवतात.

चंद्रावरून आठवलं. होई आनला चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या आसपास. तिकीट काढताना कालनिर्णय उघडून बघा, एका दिवसाच्या फरकाने ही रात्र हुकायला नको.

अर्धा दिवस वेगवेगळे

चोवीस तास एकत्र राहिलं तर सख्ख्या बहिणीही भांडतात. रोज किंवा दिवसाआड अर्धा दिवस सुटं फिरायचं ठरवून टाका. ज्याला म्युझियम बघायचं तो म्युझियममध्ये, ज्याला झोपायचं तो झोपेल. संध्याकाळी अमुक वाजता अमुक ठिकाणी भेटायचं, लोकेशन चालू ठेवायचं, बस्स.

घरच्यांचंही तसंच. आईला 'वेळ मिळाला की फोन करते' असं सांगू नका. मग ती दिवसभर फोनकडे बघत राहते आणि तुम्ही दिवसभर अपराधी. रोज रात्रीची एक वेळ ठरवा आणि ती पाळा. राहण्याचा पत्ता त्यांच्याकडे लिहून ठेवा. हनोईत आपला दूतावास आहे, त्याचा नंबर तुमच्या आणि त्यांच्याही फोनमध्ये हवा. व्हिएतनाममध्ये पोलिसांचा नंबर ११३ आणि अॅम्ब्युलन्सचा ११५.

कोरा दिवस कामाला आला

होई आनला दुसऱ्या रात्री माझं पोट बिघडलं. मी सनला सकाळी निघायचं होतं. थायलंडच्या ट्रिपमध्ये असं झालं असतं तर मी गोळी घेऊन धावत सुटले असते, कारण पुढचं हॉटेल, पुढची बोट, सगळं साखळीत अडकलेलं होतं. इथे काहीच अडकलं नव्हतं. मैत्रीण एकटी मी सनला जाऊन आली. मी खोलीत पडून ओआरएस पीत राहिले. दोन दिवसांनी, कोऱ्या दिवशी, मी एकटी जाऊन ती मंदिरं बघितली. एक विटकरी कळस बघत किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. विमानं चुकतात, पाऊस लागतो, कुणाला ताप येतो. कोरा दिवस हाताशी असेल तर ट्रिप कोलमडत नाही.

शेवटचं सांगते. हनोईत आमच्या चौथ्या दिवसाला काहीच ठरलेलं नव्हतं. पहाटे जाग आली म्हणून होआन किएम तलावावर गेलो. साडेपाचलाच आजी-आजोबांचे घोळके व्यायाम करत होते, कुणी गाणी लावून नाचत होते. आपल्याकडच्या बागेतल्या हास्यक्लबचीच आठवण झाली. एका बाकावर बसलो. बराच वेळ काही बोललो नाही. मग ती म्हणाली, 'थायलंडला त्या दिवशी माझ्या खात्यात अकराशे रुपये उरले होते. परत मुंबईहून घरी कशी जाणार, तेच डोक्यात होतं.'

मी म्हटलं, 'मला सांगायचं ना.'

'तू कुठे विचारलंस?'

खरंच विचारलं नव्हतं. विचारायला वेळच नव्हता, बोट सुटत होती. त्या बाकावर मी तिची माफी मागितली, तब्बल दोन वर्षांनी. ती हसली आणि म्हणाली, 'चल, कॉफी तुझ्याकडून.' पाच लाखांची नोट मोडली.

तुमच्या ट्रिपचा प्लॅन आज रात्री ग्रूपवर टाकाल, तेव्हा त्यात असा एक दिवस नक्की ठेवा. त्या दिवसापुढे काहीच लिहू नका.